देवरियातालला न गेलेल्या आपण दोघी

रत्ना,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. कौलखेडला तुझ्या घरासमोर मांडव घातला होता. चारही कोपऱ्यांत पंखे लावले होते, तरी मे महिन्यातली अकोल्याची हवा काही हलत नव्हती. वंदना झाली, पंचशील झालं, मग एकेकजण उठून तुझ्याबद्दल दोन शब्द बोलला. तुझ्या वॉर्डातली एक जुनी सिस्टर म्हणाली, रत्नमालाताई कधी कुणावर रागावल्या नाहीत. तुझे दीर म्हणाले, वहिनी शांतपणे, समाधानानं गेल्या. मग तुझ्या लेकीनं, स्नेहलनं, माझ्याकडे पाहिलं. आईची चाळीस वर्षांची मैत्रीण, शिवाय शाळामास्तरीण, म्हणजे मी बोलणारच असं सगळ्यांनी धरलं होतं. मी उठले नाही. मांडीवरचा पदर सारखा करत बसून राहिले.

तू शांत नव्हतीस, आणि समाधानी तर नव्हतीसच. तू माझ्यावर रागावलेली होतीस. ते मांडवात सगळ्यांसमोर सांगता येत नव्हतं, म्हणून आता लिहायला बसले आहे.

आपण भेटलो तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. मोर्शीजवळच्या खेड्यातून डी.एड.ला अमरावतीत आलेले, आणि तू अकोल्याहून नर्सिंग शिकायला आलेली. राजापेठेतल्या त्या खोलीत दोन खाटा आणि एकच खिडकी होती. पहिल्याच दिवशी तू खिडकीजवळची खाट धरलीस आणि म्हणालीस, "मले हवा लागते. तुले पायजे असन तं महिन्याभरानं बदलू." मला वाटलं, बोलायला म्हणून बोलली. महिना झाला त्या दिवशी मी कॉलेजातून आले, तर माझी गादी खिडकीजवळ घातलेली होती. मी तर ते विसरूनही गेले होते. तू बोललेलं विसरत नव्हतीस. दुसऱ्यानं बोललेलंही नाही.

नंतरचं सगळं मी लिहीत बसत नाही. लग्नं, बदल्या, पोरं, तुझ्या नवऱ्याचं जाणं. तू अकोल्याला, मी अमरावतीत. पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माझं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं तेव्हा घरातले सगळे मला एकच सांगत होते, विसर, पुढचं पाहा. तू सकाळच्या गाडीनं आलीस. रजा टाकून आठ दिवस राहिलीस. पहिल्या दिवशी तू नुसते माझे केस विंचरून दिलेस. दुसऱ्या दिवशी दुपारी विचारलंस, "पोरगी होती न? काय नाव ठेवनार होती?" मी नाव सांगितलं. तू एकदा ते नाव नीट म्हणून पाहिलंस. जगात ते नाव माझ्याशिवाय फक्त तुला माहीत होतं. आता मलाच माहीत आहे.

तर ते तळं.

तुझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी तुझ्या वॉर्डात मूर्तिजापूरकडचे एक म्हातारे फौजी दाखल झाले. तीन आठवडे होते. तरुणपणी त्यांची ड्युटी गढवालात होती. इंजेक्शन देताना तू त्यांना बोलतं ठेवायचीस, आणि ते तुला एका तळ्याबद्दल सांगायचे. उखीमठच्या वर सारी नावाचं गाव आहे, तिथून दगडी वाटेनं चढत गेलं की डोंगराच्या माथ्यावर तळं लागतं, देवरियाताल. सकाळी वारा नसला तर समोरची सगळी बर्फाची शिखरं पाण्यात उतरलेली दिसतात. तू मला फोनवर सांगितलंस तेव्हा तुझा आवाज मी ओळखला नाही.

"निमे, मले एक ठिकान सापडलं."

"कुठी?"

"हिमालयात. डोंगरावर तळं हाय."

"तथी काय हाय पन?"

"तळं हाय. सांगतलं न."

मी हसले. म्हटलं, तळं तर आपल्या चिखलदऱ्यालाही आहे. तू म्हणालीस, "चिखलदऱ्याले माह्या ओळखीचे दहा लोक भेटतात. त्यातल्या पाचजनाले मी सलाईन लावेल हाय. माही सारी जिंदगी वार्डाच्या छताखाली गेली व. मले अशा जागी जायचं हाय जथी मले कोनी सिस्टर म्हनून हाक मारनार नाई."

मी म्हटलं, जाऊ. फोनवर हो म्हणायला काय लागतं.

पण तू बोललेलं विसरत नव्हतीस. मी निवृत्त झाले त्याच महिन्यात तू मला मूर्तिजापूर स्टेशनवर बोलावलंस. मी बडनेऱ्याहून, तू अकोल्याहून, दोघी अर्ध्या अर्ध्या वाटेनं. दर महिन्यात एकदा आपण त्या प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर भेटायचो. तू भाकरी आणि ठेचा आणायचीस, मी संत्री आणायची. तुझ्याकडे शाळेच्या पोरांसारखी दोनशे पानांची वही होती. नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून हरिद्वार, हरिद्वारहून सकाळची बस, उखीमठला मुक्काम. कुठं कोणत्या कोशिंबिरीनं पोट बिघडेल इथपर्यंत तू लिहिलं होतंस. थंडीचं पान वेगळं होतं. आपण वऱ्हाडातल्या दोघी, अठ्ठेचाळीस डिग्रीत शाळा आणि दवाखाना केलेल्या, आणि तिथं बसून गरम मोजे किती लागतील याची चर्चा करत होतो. एकदा तुझ्या शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "यात्रेले चालल्या का, बाई?" तू म्हणालीस, "नाई. पाह्यले चाललो." तिला ते कळलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पूर्ण कळलं नव्हतं.

मी घरी सांगितलं तेव्हा मला वाटलं, हे नाही म्हणतील. मी वाट पाहत होते. ह्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "जा न. कोनं अडवलं?" झालं. मला अडवायला कुणी उरलं नाही.

तू चालायचा नेम ठरवून दिलास. तू तुझ्या कॉलनीत, मी छत्री तलावाच्या रस्त्यानं. दिवेलागणीला तुझा फोन यायचा. "किती फेऱ्या?" मी म्हणायची, "चार." दोनच झालेल्या असायच्या. कधी एक. कधी मी नुसतीच कठड्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या स्कूटी पाहून परत यायची. तू म्हणायचीस, "छान. उद्या पाच कर."

जानेवारीत आपण नरनाळ्याच्या किल्ल्यावर गेलो. तुझीच कल्पना. हिमालयाआधी एकदा अंगावर चढ घेऊन पाहू म्हणालीस. अकोटहून शहानूर, तिथल्या गेटवर नाव लिहून एक वयस्क वाटाड्या बरोबर घेतला, आणि गाडीरस्ता सोडून जुन्या पायवाटेनं निघालो. सागाची पानं वाळून वाटेवर पडली होती, त्यांचा पायाखाली एवढा आवाज होत होता की आपल्याला बोलताही येत नव्हतं. तू पुढे होतीस. मला त्याचंच बरं वाटत होतं, कारण मी किती धापा टाकते आहे ते तुला दिसत नव्हतं. दुसऱ्या दरवाजाच्या अलीकडे तू थांबलीस आणि एका दगडावर बसलीस. मला वाटलं, माझी वाट पाहते आहे.

मी जवळ आले. तू डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेवून घड्याळाकडे पाहत होतीस. जशी पेशंटची नाडी पाहायचीस तशी. तुझे ओठ निळसर झाले होते.

"काय झालं व?"

"काई नाई. दम घेऊन राहिली."

"रत्ना, तुहे ओठ पाह्य."

"माहे ओठ मले कसे दिसन?" तू म्हणालीस, आणि थोडी हसलीस. मग वाटाड्याला म्हणालीस, दादा, तुम्ही जरा पुढे बसा, आम्ही येतो. तो गेल्यावर तू मला सांगितलंस. हृदयाचा एक व्हॉल्व्ह आखडला होता. डॉक्टरनं सांगून दोन महिने झाले होते. ऑपरेशन करून तो बदलायचा होता, आणि चढउतार, ओझं, धावपळ सगळं बंद ठेवायचं होतं.

"मंग तू इथी काहून आली?"

"किती जमते ते पाह्यले आली."

"पाह्यलं न आता? पहिले ऑपरेशन कर. तळं कुठी पळून नाई चाललं."

तू माझ्याकडे नीट वळलीस. "पहिले ऑपरेशन केलं तं मंग मले कोन डोंगर चढू देईल? स्नेहल देईल? तू देशीन? एप्रिलमंधी जाऊन येऊ. हळूहळू चढू, दिवस लागला तं लागला. मे महिन्यात मी आपल्या पायानं दवाखान्यात जातो. माहं शरीर हाय, निमे. मी दुसऱ्याची शरीरं उचलू उचलू साठ वर्षाची झाली. हे एक मले माह्या मनानं वापरू दे."

मग म्हणालीस, "तुले सांगतलं, कारन तू हायस. आता हे तुह्यापाशीच राहू दे." तू शपथ घातली नाहीस. शपथा घालणाऱ्यातली तू नव्हतीस. मी मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ आपण दोघींनी वेगवेगळा धरला असेल, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. तसं नव्हतं. मी हो म्हटलं होतं.

आपण तिथूनच खाली उतरलो.

पंधरा दिवस मी गप्प राहिले. मग एका दुपारी स्नेहलला फोन केला. ती पतसंस्थेत जेवणाच्या सुट्टीत होती. मी सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, हे तुमाले कधीपासून माहीत?"

"पंधरा दिवस झाले."

"पंधरा दिवस," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

पुढचं सगळं भराभर झालं. तिनं नागपूरच्या डॉक्टरांची तारीख घेतली, आपली एप्रिलची काढून ठेवलेली तिकिटं रद्द केली, तुझ्या दिरांना बोलावून घेतलं. चार दिवसांनी मी अकोल्याला आले. तू स्वयंपाकघरात ओट्याजवळ उभी होतीस. माझ्याकडे पाठ होती. तू चहा टाकला नाहीस. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी तुझ्या घरी आले आणि तू चहा टाकला नाहीस.

मी म्हटलं, "रत्ना, तुह्या जिवासाठी सांगतलं."

तू वळलीस. मला वाटलं, ओरडशील. तू अगदी हळू बोललीस.

"तुह्या घरी आली होती मी. संत्र्याच्या तोडाईले. आठवते?"

मला आठवत होतं. राजापेठेतलं पहिलं वर्ष. मी तुला हौसेनं घरी नेलं होतं, बगीचा दाखवायला. माझ्या मोठ्या आईनं, म्हणजे थोरल्या काकूनं, सगळ्यांना कपात चहा दिला आणि तुला कोपऱ्यातल्या एका वेगळ्या ग्लासात. तो ग्लास कशासाठी वेगळा ठेवलेला असतो ते घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही. तू चहा प्यालीस, उठून हापशीवर ग्लास विसळलास आणि अंगणातल्या भिंतीवर स्वतःच पालथा घातलास. परतताना बसमध्ये तू संत्री सोलून मला फोडी देत होतीस, हसत होतीस. मी तेव्हा ठरवून टाकलं की तुझ्या लक्षात आलं नाही. चाळीस वर्षं मी तसंच धरून चालले.

"त्या दिवशी बोलाचं होतं," तू म्हणालीस, "तवा तू गप राह्यली. आता गप राह्यचं होतं, तं बोलली."

मी उभीच होते. बाहेर भाजीवाला ओरडत होता. तू पुन्हा ओट्याकडे वळलीस.

त्या वाक्याला मी आजपर्यंत उत्तर शोधलं नाही, कारण त्याला उत्तर नाही. माफी मागायची होती, ती त्या दिवशी हापशीजवळ मागायची होती. नाहीतर बसमध्ये. नाहीतर नंतरच्या चाळीस वर्षांतल्या कोणत्याही दिवशी. आता मागते आहे, तर ऐकायला तू नाहीस. तुला ती ऐकायची होती का, तेही मला कळायचं नाही. पण तू हे सगळं पोटात ठेवून माझे केस विंचरलेस, माझ्या मुलीचं नाव विचारलंस, मूर्तिजापूरच्या बाकावर तुझ्या हातची भाकरी अर्धी मोडून मला देत राहिलीस. हे तू कसं केलंस, रत्ना? मला कुणी तसं वागवलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी खाट बदलून दुसऱ्या खोलीत गेले असते.

मार्चमध्ये नागपूरला तुझं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. मी भेटायला आले तेव्हा तू उशीला टेकून बसली होतीस आणि तिथल्या नवख्या सिस्टरला सलाईनची पट्टी कशी लावायची ते सांगत होतीस. माझ्याशी तू बोललीस. प्रवास कसा झाला, ऊन किती आहे, ह्यांच्या गुडघ्याचं काय. बाहेरून आलेल्या कोणत्याही पाहुणीशी बोलावं तसं. मी संत्री आणली होती, ती तू स्नेहलला आत ठेवायला सांगितलीस.

एप्रिल गेला. मेच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी तुझा फोन आला. पाहते तर स्क्रीनवर तुझं नाव.

"काय करून राहिली?" तू विचारलंस.

"पोहे निवडून राहिली."

"आपन आता तथून वापस आलो असतो," तू म्हणालीस. मग बराच वेळ तू बोललीस. दवाखान्यातून आल्यापासून किती चालता येतं, रक्त पातळ करायच्या गोळीनं हिरड्यांतून कसं रक्त येतं, स्नेहल कशी पहारा देते. पूर्वीसारखं बोलत होतीस. मी भिंतीला टेकून खाली बसले. मला वाटलं, सरलं आता सगळं. आणि मग तू एकदम विचारलंस, "निमे, खरं सांग. तुले जायचं होतं का?"

मी म्हटलं, "हो न. काहून नाई?"

तू "बरं," म्हणालीस. "गोळीचा टाइम झाला." आणि ठेवलास.

त्यानंतर नवव्या दिवशी दुपारी तुझ्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. जेवून उठलीस, हात धुतलास, आणि स्नेहलला हाक मारताना शब्द फुटला नाही. संध्याकाळपर्यंत तू गेलीस. असं होऊ शकतं, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. कुणाची चूक नव्हती. ऑपरेशन केलं नसतं तर डोंगरावर जीव गेला असता, असं तुझे दीर म्हणतात. कदाचित. कदाचित आपण हळूहळू चढलो असतो, दिवस लागला असता, आणि तू मे महिन्यात आपल्या पायानं दवाखान्यात गेली असतीस. मला माहीत नाही. हे न कळणं आता माझ्यापाशी राहणार.

कार्यक्रम संपल्यावर पाहुणे पांगले. मी आणि स्नेहल स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो. ती वाट्या मोजत होती आणि पुन्हा पुन्हा चुकत होती. मी तिला विचारलं, "आई माह्यावर रागावली होती न?"

तिनं वाट्या खाली ठेवल्या. तुझी पोर आहे, गोड बोलायला शिकलेली नाही. "हो, मावशी. खोटं काहून सांगू? नागपूरहून आली तवा मले म्हने, निमानं माहं तळं नेलं."

"आन् तुह्यावर?"

"माह्यावर तं रोज रागावे. पन मी पोरगी हाव. माह्यावर काढता येत होता. तुमच्यावरचा आतच राह्यला."

मग मी तिला सांगितलं. जे तुला सांगायला हवं होतं ते तुझ्या मुलीला सांगितलं. की मला जायचं नव्हतं. पहिल्या दिवसापासून नव्हतं. मला त्या बसची भीती वाटत होती जिच्या एका बाजूला दरी असते. परक्या गावात आजारी पडायची भीती वाटत होती. घरातल्या पुरुषमाणसाशिवाय रात्र कुठं काढली नव्हती मी, साठ वर्षांची होऊन. मला वाटायचं, कुणीतरी अडवेल, आणि कुणी अडवत नव्हतं. नरनाळ्याच्या त्या दगडाजवळ तुझे निळे ओठ पाहून मी घाबरले, ते खरं आहे. पण त्याच क्षणी आत कुठंतरी सुटल्यासारखंही वाटलं. तेही खरं आहे. स्नेहलला फोन केला त्या दुपारी मी पोटभर जेवले आणि गाढ झोपले. तुझ्या जिवासाठी सांगितलं असं मी म्हणाले, आणि त्यात तुझा जीव होता. पण त्यात माझी सुटकाही होती, आणि कोणतं किती होतं, ते मला अजून वेगळं काढता येत नाही.

स्नेहल ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आईले माहीत होतं."

"काय?"

"तुमी भेता ते. मले म्हने, निमा चार फेऱ्या सांगते तवा दोन समजाच्या. मी म्हटलं, मंग तिले काहून नेऊन राहिली? तं म्हने, एकदा उखीमठपर्यंत नेली का चढन ती. तिले कोनी कधी नेलंच नाई."

मला रडू आलं नाही. आतापर्यंत तुझ्यासाठी इतक्यांदा आलं, आणि तेव्हा आलं नाही. लाज वाटली. मी समजत होते की मी तुझ्या हट्टापायी चालले आहे, तुझ्यावर उपकार करते आहे. आणि तू तुझ्या आखडलेल्या हृदयानं मला ओढत नेत होतीस.

निघताना मी स्नेहलला म्हटलं, मी आता त्या तळ्याला जाते, तू चल माझ्यासोबत. ती लगेच नाही म्हणाली. "मले त्या तळ्याचा राग हाय, मावशी. तुमी जा. मले फोटो पन पाठवू नका." मी तिचा हात धरला. तिनं थोडा वेळ धरू दिला.

काल मी बडनेरा स्टेशनवर गेले आणि नागपूर-दिल्लीचं तिकीट काढलं. जूनचं, तिकडं पाऊस लागायच्या आधीचं. एकटीचं. ह्यांना सांगितलं तेव्हा हे कधी नव्हे ते गडबडले. "एकटी? कोनाले घे न सोबत." मी म्हटलं, कुणाला घ्यायचं नाही. हे म्हणाले, "मंग मी नागपूरपर्यंत सोडाले येतो." मी म्हटलं, या.

रत्ना, मी तुझ्या नावानं जात नाही. तुझा फोटो नेणार नाही, तुझ्या वाट्याचं पाहून येते असंही म्हणणार नाही. तुझं तळं तुला मिळालं नाही, आणि ते तसंच राहील. मी तिथवर चढले काय आणि सारी गावातूनच धापा टाकत मागे फिरले काय, त्यानं त्यात काही फरक पडत नाही. राग तुझा होता, तो तुझ्याकडेच राहू दे. मी तो मागे घ्यायला सांगत नाही. मला तसं सांगायचा हक्क नाही.

भीती अजून आहे. आज सकाळी स्वेटर काढून उन्हात टाकताना हात गार पडले. पण काल तिकिटाच्या खिडकीपुढे उभी असताना मागच्या बाईनं विचारलं, कुठी चालल्या? मी सांगितलं, डोंगरावर एक तळं आहे, तिकडं. ती म्हणाली, कोनासंग? मी म्हटलं, मले जायचं हाय.

तिच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. पण ते खरं होतं, आणि ते ऐकायला तू तिथं हवी होतीस.